कपाशीत वाजलेली ब्रेकची शिट्टी

मी एकदा तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली आणि डोंगर उतरणारी अख्खी आगगाडी थांबवली. पुढची चाळीसेक वर्षं ही गोष्ट मी बढाई म्हणून सांगत आले. आज मूर्खपणाची कबुली म्हणून लिहिते आहे... म्हणजे मूर्खपणा होताच, पण नुसता तेवढाच होता का, याची आता मला खात्री नाही.

आधी एक सांगून टाकते. भूत, भानामती, अंगात येणं — यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. सासूबाई दाराला लिंबू-मिरची बांधायच्या, आणि मी त्यातल्या मिरच्या काढून ठेच्यात घालायची. इथले तुम्हा लोकांचे अनुभव नात मला मोबाइलवर वाचून दाखवते, तेव्हा मी मध्येच विचारते, "त्या माणसानं जेवन काय केलं होतं ते लिहिलं काय?" तर माझंही लिहून ठेवते. त्या दिवशी मी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी खाल्ली होती. आणि वेळ दुपारची होती — लख्ख उन्हाची.

माझं माहेर आणि सासर दोन्ही वरवट बकालच्या आसपासचं. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, बाकी सगळी काळी जमीन. लहानपणी मी ज्वारीची राखण करायची. माळ्यावर चढून गोफण फिरवायची आणि शिट्टी मारायची. पोरीच्या जातीने शिट्टी मारू नये म्हणून आई ओरडायची. वडील म्हणायचे, "पाखरं उडून राह्यले ना? मंग मारू दे." माझ्या शिट्टीने शेजारच्याच्या शेतातलेही राघू उडायचे, आणि शेजारी फुकटात राखण होते म्हणून खूश असायचा. मला वाटायचं, जगात आपल्यासारखं कोणी नाही. ते वयच तसं असतं, पण माझं जरा जास्तच तसं होतं.

लग्न झालं आणि मी एकदम नेरळला गेले. नेरळहून माथेरानला जी छोटी गाडी डोंगर चढते, तिच्यावर आमचे हे ब्रेकवाले होते. नवऱ्याचं नाव मी घेत नाही, पण पुढे कासमचाचा घेतील तेव्हा तुम्हाला कळेलच. हे कासमचाचा त्या गाडीचे ड्रायव्हर, मूळचे खामगावचे. आपल्या भागातली दोन-चार पोरं त्यांनी तिकडे नेऊन कामाला लावली होती, त्यातलेच आमचे हे.

ती गाडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. रूळ इतके जवळ की एका रुळावर डावा पाय आणि दुसऱ्यावर उजवा ठेवून मी उभी राहू शकायची. डबे एवढे बुटके की उंच माणूस वाकूनच आत शिरणार. इंजिन काळंभोर, गाभण म्हशीसारखं रुंद पोटाचं. चाचा त्याला 'बेगम' म्हणायचे. सकाळी तिच्या पितळेवरून फडकं फिरवल्याशिवाय ते चहा घेत नसत. त्यांच्या घरच्या बेगमचं यावर म्हणणं होतं की या माणसाने आपलं तोंड कधी एवढ्या मायेने पाहिलं नाही.

या गाडीचा उतार भारी, आणि एकट्या इंजिनाला ती धरवत नाही. म्हणून प्रत्येक डब्याच्या टोकाला एक माणूस उभा असतो, त्याच्यासमोर ब्रेकचं लोखंडी चाक. इंजिनातून ड्रायव्हर शिट्टीने सांगणार आणि सगळे ब्रेकवाले एकदम चाकं फिरवणार. आमच्या वेळी तीन छोट्या तुटक शिट्ट्या, ज्यांना आम्ही 'तीन तुकडे' म्हणायचो, म्हणजे ब्रेक लावा, आणि एक लांब शिट्टी म्हणजे सोडा. ब्रेक लावला की दोन गोष्टी करायच्या. एक, लांब शिट्टी होईपर्यंत चाकावरचा हात काढायचा नाही. दुसरी, आपल्या बाजूने बाहेर वाकून पुढे बघायचं, इंजिनाचा धूर दिसतो का, तो कसा आहे. धुरावरून कळतं पुढे काय चाललंय ते.

बेगमची शिट्टी बारीक होती आणि शेवटी जरा फाटायची, म्हाताऱ्या माणसाने लांबून हाक मारावी तशी. मला ती पहिल्याच आठवड्यात जमली... त्या शेवटच्या फाटण्यासकट. हे घाईघाईत जेवणाचा डबा न घेता निघाले की मी चुलीजवळून हळूच तीन तुकडे मारायची. हे दारातच थबकायचे, आणि त्यांचा उजवा हात हवेत नसलेलं चाक फिरवायचा. मग आम्ही दोघं हसायचो. हे एवढं लिहिलं तरी नात लाजली, म्हणून पुढे जाते.

एकदा ह्यांनी मला माथेरान दाखवायला नेलं. येताना मी ह्यांच्याच डब्यात, अगदी शेवटच्या, दाराजवळ बसले होते. हातात हिरव्या बांगड्या, डोक्यात अबोलीचा गजरा आणि त्याच्या आत, माझ्या मते, फार मोठी अक्कल. गाडी वळणं घेत खाली उतरत होती. पुढचं वळण इतकं आवळलेलं की इंजिन डोंगराच्या आड गेलेलं, दिसत नव्हतं. हे चाकाजवळ अगदी ऐटीत उभे. डब्यात मुंबईच्या दोन बायका होत्या. माझ्या लुगड्याकडे आणि माझ्या बोलण्याकडे बघून त्या गालात हसत होत्या. मला वाटलं, यांना दाखवू आपण कोण आहोत.

मी तोंडात बोटं घातली आणि मारल्या. तीन तुकडे.

आणि पुढच्या डब्यापासून मागच्या डब्यापर्यंत ब्रेक करकरले. डब्यातले लोक एकमेकांवर गेले. एका बाईंचा चष्मा माझ्या ओटीत येऊन पडला. गाडी उभी राहिली.

ह्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. चाक धरून उभे, माझ्याकडे बघतायत. हे नंतर नेहमी म्हणायचे, "माहे हात आधी फिरले. मंग तू दिसली, तोंडात बोटं घातलेली." मी म्हणायची, असं कसं होईल, शिट्टी आधी आणि हात नंतर. पण ते त्यांचंच खरं करत.

गाडी बराच वेळ उभी होती. मला वाटलं, चाचांचा राग निवेपर्यंत आता ही हलत नाही. मग पुढून चाचा चालत आले, एकेका डब्याजवळ थांबत, विचारत, "कोनं मारली शिट्टी? कोनं मारली बे?" आमच्या डब्याशी आले. हे चाकाकडे बघायला लागले. आणि मी — आता काय सांगू त्या पोरीबद्दल — मी हात वर केला. शाळेत उत्तर येतं तेव्हा करतात तसा.

चाचा माझ्याकडे बघतच राहिले. मग असे काही तडकले की त्या मुंबईच्या बायकाही खाली बघायला लागल्या.

"तू? पोरी, डोकं फिरलं काय तुहं? हे काय ज्वारीचं वावर आहे? तू एक शिट्टी मारतं न इतके मानसं चाकाले लटकते. उद्या हा नामदेव घरी बसला तं त्याले काय शिट्टी खाऊ घालशीन?"

"चुकलं चाचा," मी म्हणाले.

"कसम खाय. पुन्हा मारनार नाई."

"नाई मारनार."

"खरंच कोनी मरून राह्यलं असंल तं मारजो. नाई तं नाई."

मी कसम खाल्ली. नेरळला पोचल्यावर चाचांनी स्टेशनात सांगितलं की वळणापलीकडे रुळावर दगड आला होता, म्हणून गाडी थांबवली. ह्यांची नोकरी वाचली. चाचांनी आमच्यासाठी लबाडी केली म्हणून मी त्यांच्या घरी पुरणपोळ्या नेऊन दिल्या. त्यांनी खाल्ल्या. 

कसम मी पाळली. पण गोष्ट सांगायची नाही अशी कसम कुठे घेतली होती? आख्ख्या नेरळात आणि नंतर गावात मी ती सांगितली. दर वेळी शिट्टी जरा मोठी व्हायची आणि उतार जरा जास्त व्हायचा.

मग वर्षं गेली. वाफेची इंजिनं बंद झाली, डिझेलची आली. डिझेलचा भोंगा म्हणजे रेड्याला सर्दी झाल्यासारखा, चाचांना तो कधीच पटला नाही. बेगमला रंग देऊन शोभेला उभी केली, आत ना पाणी ना आग. चाचा निवृत्त होऊन खामगावला आले. पुढे आम्हीही गावी आलो. आयुष्यभर चाकांचं करकरणं ऐकून ह्यांचे कान गेले होते. डावा पुरता, आणि उजव्यापाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडं. माझे पुढचे दात तंबाखूच्या मंजनाने खाल्ले. एकाला ऐकू येत नाही आणि दुसरीला नीट बोलता येत नाही, असा आमचा संसार छान चालला होता.

शेती आमचा मुलगा गजानन बघायचा. तोवर सगळीकडे बीटी कपाशी आली होती. पाकिटावर फुटलेल्या पांढऱ्याशुभ्र बोंडाचं चित्र. दुकानदार सांगायचा, याला अळी लागतच नाही, फवारणीचं कामच संपलं. आणि सुरुवातीला खोटंही नव्हतं ते. पहिली काही वर्षं अशी पराटी आली — आमच्याकडे कपाशीच्या झाडाला पराटी म्हणतात — की वेचायला बायका मिळेनात. गावात स्लॅबची घरं उठली. ज्वारी कोणी पेरेना. पाखरं राखायला पोरी नकोत, माळा नको, गोफण नको. सगळ्यांनी एकच पीक धरलं, आम्हीही धरलं. उतार लागल्यावर गाडी कशी आपोआप पळते, मजा येते, तसं होतं ते.

मग गुलाबी अळी आली. बोंड वरून हिरवंगार, फोडावं तर आत किडलेलं. आता जिला फवारणीच लागत नव्हती, तिला फवारण्या पुरेनात. एकाने होत नाही म्हणून दोन औषधं एकत्र, दोनाने होत नाही म्हणून तीन. आमच्याकडे त्या विषाला औषधच म्हणतात. झाडंही आता माणसाच्या डोक्यावर जाणारी. खाली वाकून फवारायचे दिवस गेले, आता औषध वर मारायचं आणि ते आपल्याच तोंडावर येतं.

गजूला मी सांगायची, "तोंडाले नीट बांध. हातात मोजे घाल."

"माय, बांधलं की दम कोंडते."

"न नाई बांधलं की?"

"तुले काय वाटते, मी काय पहिल्यांदा फवारून राह्यलो?"

त्याला उलट्या व्हायच्या अधूनमधून, डोकं धरायचं. दोन दिवस पडून राहायचा आणि पुन्हा पंप पाठीवर. एवढं पीक डोळ्यांदेखत किडू कसं द्यायचं, म्हणायचा. सगळ्या गावाचं तेच. मी तेव्हा मनात म्हटलंही होतं, या उताराला ब्रेकवाला कोणीच नाही. पण मनात म्हणून काय होतं.

तर तो दिवस. पोळा होऊन गेला होता. पावसाने उघाड दिली होती आणि हवा अशी कोंदलेली की पराटीचं पान हलत नव्हतं. गजू फवारत होता. आम्ही दोघं भाकरी घेऊन वावरात गेलो होतो. हे कडुनिंबाखाली बसून वाखाची दोरी वळत होते. मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चवळीच्या शेंगा तोडत होते. पलीकडच्या शेतात शांता, आमची शेजारीण, दोघी बायकांबरोबर तण निंदत होती. गजू दिसत नव्हता, झाडंच तेवढी उंच. पण पराटीच्या वर त्याच्या पंपाचा पांढरा फवारा उडताना दिसायचा, त्यावरून कळायचं तो कुठे आहे ते. मी काही सारखी तिकडे बघत नव्हते. शेंगांकडे लक्ष होतं.

आणि शिट्टी झाली.

छोटी. छोटी. छोटी. आणि तिसरीच्या शेवटी तो फाटका सूर.

मी पहिलं काय केलं माहिती आहे? तोंडावर हात ठेवला. माझ्याच तोंडातून निघाली की काय म्हणून.

मग मी ह्यांच्याकडे बघितलं. त्याच सकाळी मी ह्यांच्या उजव्या कानात 'चहा' म्हणून तीनदा ओरडले होते आणि ह्यांनी मला 'कोनती गाय' असं विचारलं होतं. तो माणूस उभा राहिला होता. दोरी खाली पडलेली. दोन्ही हात पोटासमोर, आणि हवेत चाक फिरवत होता... गरगर, गच्च होईपर्यंत. मग एका हाताने ते नसलेलं चाक तसंच धरून हे उजव्या बाजूला बाहेर वाकले आणि पराटीच्या ओळीतून पुढे बघायला लागले.

मी धावत जवळ गेले. "अवो, काय झालं?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "धूर दिसून नाई राह्यला."

मी तिकडे बघितलं. पराटीच्या वर काहीच नव्हतं. फवारा नाही, पंपाचा आवाज नाही. नुसतं ऊन.

ह्या वयाचा माणूस त्या ओळींतून कसा घुसला, मला सांगता येणार नाही. मी मागे. गजू पार पलीकडच्या टोकाजवळ सापडला, गुडघ्यांवर बसलेला, कपाळ जमिनीला टेकलेलं, पंप पाठीवर तसाच आणि औषध मानेवरून गळतंय. तोंडाला लाळ, अंगाला घाम. मी हाक मारली तर म्हणाला, "माय, दिसून नाई राह्यलं मले. अंधार झाला काय?"

पुढचं सगळं भराभर. पंप काढला, सदरा फाडूनच काढला, ड्रममधलं पाणी अंगावर ओतलं. शांता ओरडत आली. तिच्या घरचा मालाचा ऑटो होता, त्यात घालून खामगावला. दवाखान्यात इंजेक्शनं सुरू केली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मला एवढंच विचारलं, "पडल्यावर लगेच बघितलं का तुम्ही?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "तेच बरं झालं."

एक गोष्ट मात्र राहिली सांगायची. ऑटोत बसल्यापासून ह्यांनी उजव्या हाताने ऑटोचा दांडा धरला होता तो सोडेनात. दवाखान्यात शांताच्या नवऱ्याने बोटं उकलून हात सोडवला, तर तिथे खाटेचा दांडा धरला. चहा डाव्या हाताने प्यायले. नर्स म्हणाली, बाबा, बसा, आराम करा. ऐकू कुठे येतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी गजूने डोळे उघडले, मला ओळखलं आणि भूक लागली म्हणाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता काळजी नाही. तरी ह्यांचा हात दांड्यावरच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ह्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडले, "लांब शिट्टी झाली. सोडा आता."

त्यांनी सोडला. हात असा आखडला होता की मी तो बराच वेळ चोळत बसले.

आता माझा शोध ऐका, कारण मी काही लगेच हात जोडून बसणारी बाई नाही.

आमच्या गावाजवळून रेल्वे जात नाही. मोठी लाइन शेगाव-जलंबकडून जाते, ती लांब, आणि तिकडच्या गाड्यांचा भोंगा वेगळा, त्याला तुकडे नसतात. एखाद्या पोराने पिपाणी वाजवली असेल म्हणून मी वस्तीवर विचारून आले. कोणाकडे नव्हती. मोबाइलची रिंग म्हणावी, तर वावरात मोबाइल फक्त गजूचा, आणि तो कडुनिंबाखाली पिशवीत बंद पडलेला. शांताला विचारलं.

"शांते, तुले ऐकू आली होती काय वं शिट्टी?"

"आली ना काकू. तुमीच तं मारली."

"म्या?"

"तुमी नाई तं कोनं? तुमी आगगाडी थांबोली होती ना शिट्टी मारून. सारं गाव सांगते."

घ्या. चाळीस वर्षं सांगत फिरल्याचं फळ. तिच्याबरोबर निंदणाऱ्या दोघींना काहीही ऐकू आलं नव्हतं, पण गावाने ठरवून टाकलं. मीच शिट्टी मारून पोराला वाचवलं. बायका मला बघायला आल्या. एकीने तर आपल्या पोरीला शिट्टी शिकवा म्हटलं.

आणि तुमच्यापैकीही कोणीतरी तेच म्हणणार, मला माहीत आहे. आईच्या मनाला कळलं असेल, तिने नकळत मारली असेल. बाबांनो, माझ्या तोंडात पुढचा एकही दात नव्हता. कवळी घरी वाटीत. शिट्टीला दात लागतात. मी नंतर धुऱ्यावर एकटी जाऊन प्रयत्न केला, अगदी मनापासून. फुस्स... आणि हनुवटीवर थुंकी. एक बगळा बघत होता, तोसुद्धा उडाला नाही.

ह्यांना मी बऱ्याच दिवसांनी विचारलं, कानाशी ओरडून, हातवारे करून. "तुमाले ऐकू कशी आली?"

"ऐकू नाई आली," हे म्हणाले.

"मंग?"

ह्यांनी आपले दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "इथी लागली. उतारावर चाकाच्या लोखंडात कान असते. आवाजाच्या आधी हाताले समजते." आणि पुन्हा दोरी वळायला लागले, जसं काही मी पाऊस पडेल का तेवढंच विचारलं होतं.

मला ते पटलं नाही. चाक होतंच कुठे?

गजू हिंडायला-फिरायला लागल्यावर मी आणि हे खामगावला चाचांकडे गेलो. चाचा फार म्हातारे झाले होते, लेकीकडे राहत होते, खिडकीजवळ खुर्ची टाकून. मला बघून म्हणाले, "आली काय शिट्टीवाली." मी मनात हिशेब करून गेले होते की चाचा हसतील, मला मूर्ख म्हणतील, आणि मग मीही हसून हा विषय मिटवून टाकीन. मी सगळं सांगितलं. तीन तुकडे, शेवटचा फाटका सूर, ह्यांचे हात, गजू. वर म्हटलं, "चाचा, कसम मोडली नाई हो मी. दातच नाईत."

चाचा हसले नाहीत. ह्यांच्याकडे बघत राहिले. ह्यांना काही ऐकू येत नव्हतं, हे बशीतली बिस्किटं खात होते. चाचांच्या लेकीने चहा आणून ठेवला. चाचांनी कप बाजूला सारला.

मी आजवर बऱ्याच जणांना विचारलंय. कोणाकडे उत्तर नाही, आणि माझ्याकडे तर नाहीच. पूर्वी निदान अर्ध्या गोष्टीचं उत्तर होतं, डोंगरातल्या त्या दिवसाचं. ते उत्तर म्हणजे मी, हिरव्या बांगड्या घातलेली एक आगाऊ पोरगी. चाचांनी त्या दुपारी तेही काढून घेतलं. ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, एक शब्द इकडचा तिकडे न करता —

"पोरी, आता माहं काई खरं नाई, म्हून सांगून टाकतो. त्या दिवशी वळनापलीकडं रुळावर दगड खरंच होता, म्या ठेसनात झूट नोतं सांगतलं. तुही शिट्टी मले इंजिनात ऐकूच नाई आली. मले बेगमचीच ऐकू आली, न शिट्टीच्या दोरीले कोनाचाच हात नोता, माह्या दोनी हातांत तवा चहाचा कप होता. फायरमन माह्याकडं पाहे न मी त्याच्याकडं. मंग डब्याडब्यानं इचारत आलो, तं तू हात वर केला... मले लय बरं वाटलं पोरी, रागवाले कोनी तरी सापडलं."